बरण्या

उर्मसचं हेलसिंकीतलं बांधकाम मार्चमध्ये बंद पडलं.
मे उजाडेपर्यंत आम्ही तसेच जगत राहिलो,
इंजिन थांबल्यावरही होडी
थोडी पुढे सरकत राहते, तसे.

मग एका मंगळवारी मी पेन्सिलीला टोक काढलं.
वही जुनीच. जिथे थांबले होते
त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली:
पीठ, काड्यापेट्या, उर्मसच्या दाढेचे चाळीस युरो.
मधल्या सात वर्षांचं एकही पान नाही.
सुखाचा हिशेब कोण लिहून ठेवतं?

हातांना सगळं आठवत होतं,
मला सांगावं लागलं नाही.
पिशवी धुऊन, उलटी करून नळावर अडकवणं.
एका काडीवर चूल आणि मेणबत्ती, दोन्ही.
राईच्या पावाच्या वाळक्या कडा
आठवडाभर डब्यात टाकत जाणं,
शनिवारी त्या भिजवून, शिजवून, मनुका घालून
काळसर, दाट पावाचं सूप.
तार्मोने चमचा खाली ठेवला.
"हे काय आहे?"
"गोड आहे," मी म्हटलं.
हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं,
पण दुसरा घास त्याने घेतला.
अकरा वर्षांचा आहे. त्याला वाटत होतं
पाव शिळा झाला की संपतो.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही: सकाळची कॉफी.
चांगली, महागातली, पहिल्या धारेची.
वहीत तिला "किरकोळ" म्हणते.
उर्मस वही वाचतो, आणि गप्प बसतो.

जुलैत जंगल निळं झालं.
ब्लूबेरीला कुणी पैसे मागत नाही,
फक्त कंबर मागते, आणि डासांना थोडं रक्त.
दोन बादल्या भरून घरी आले
आणि माळ्यावर चढले तेव्हा आठवलं:
बरण्या नाहीत.

नवा फ्रीझर आला त्या वर्षी
खोकीच्या खोकी गाडीत घालून
मीच नेल्या होत्या चौकातल्या काचेच्या कचऱ्यापाशी.
एकेक आत सोडत होते.
खोटं कशाला बोलू, तो आवाज आवडला मला.
आईचं, थंडीचं, रांगांचं काहीतरी
तळाशी जाऊन फुटत होतं.
वीसेक झाल्यावर हात भरून आला.
उरलेली खोकी तिथेच ठेवून
मी केस कापून घ्यायला गेले.

आता शेजारच्या लेइडाच्या दारात.
मागायचं म्हटलं की जीभ जड होते,
म्हणून आधी हवेबद्दल बोलले,
मग तिच्या गुडघ्याबद्दल.
ती आत गेली. एक खोकं घेऊन आली.
"तेरा आहेत," म्हणाली. "झाकणं तुझी तू बघ."

घरी येऊन पाणी तापवलं.
तिसऱ्या बरणीवर कागद चिकटलेला होता,
पिवळा, एका कोपऱ्यातून सुटलेला.
अक्षर माझं.
ब्लूबेरी. दोन हजार चौदा.

बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले.
पाणी उकळत होतं, लाकूड फुकट जळत होतं.

रिकामं भांडं परत करायचं नसतं,
एवढं तर फ्रीझरच्या दिवसांतही ठाऊक होतं.
रविवारी भरलेली एक बरणी घेऊन गेले.
कागद काढला नव्हता,
जुन्या सालाखाली नवं साल लिहिलं होतं.

लेइडाने ती खिडकीत, उजेडात धरली.
कागद पाहिला असेल, नसेल.
बरणी तिरकी करून रस किती सरकतो ते पाहिलं.
"साखर कमी पडलीय, हेल्वे."
"हो," मी म्हटलं.
"मोजून घातली."