मुहर्रकला, ऊनाबरोबर

ऊना सांगते, तिच्या आयर्लंडात एक संग्रहालय आहे.
पुढच्या दारानं शिरलं की गवती छपराचं घर,
जळणाला दलदलीची वाळवलेली माती,
आणि चुलीपाशी एक बाई खरंच बटाटे उकडत असते.
मग गल्ली, धक्का, मग गलबताचं पोट,
अंधारात दाटीवाटीनं फळ्यांचे बिछाने.
मागच्या दारानं बाहेर पडलं की अमेरिका.
"किती वेळ लागतो?" मी विचारलं.
"मुलं बरोबर असली तर तास. मध्ये कॅफे आहे."

शुक्रवारी दोघींची सुट्टी जमली,
तिचा वॉर्ड, माझी रक्ताची लॅब.
मुहर्रकला समुद्राकाठी जुनं गाव उभं केलं होतं
खजुराच्या झावळ्यांचं, आठवडाभरापुरतं.
डोक्यावरून विमानं इतकी खाली
की चाकं मोजावीत.

मोती काढणारा बसला होता होडीच्या काठावर.
काळा सदरा, पायाला दगड, नाकाला चिमटा.
घंटा झाली की तो श्वास धरतो.
खाली पाणी नाही, निळी ताडपत्री.
लोक मोबाइलवर सेकंद मोजतात.
अठ्ठ्याहत्तर. टाळ्या.
चिमटा काढून तो पुटपुटला, "मेलो रे बाबा,"
आणि मी हसले.
मराठीत हसता येतं की नाही ठाऊक नाही,
पण त्यानं ओळखलं.
"कुठली गो तू?"

दाऊद हमदुले. बाणकोट. एकोणीस वर्षं.
आधी क्रेनवर, मग पाठ गेली, मग हे.
"श्वास धरायचा पगार. पोहता येतं काय,
ते कुणी विचारलंच नाय."

ऊना ताडपत्रीच्या कडेला टेकली.
म्हणाली, पणजीच्या काळी कुणी अमेरिकेला निघालं
की आदल्या रात्री सगळं गाव जागायचं,
मढ्यापाशी बसतात तसं.
फक्त हे मढं सगळ्यांबरोबर नाचायचं,
आणि पहाटे आपल्या पायांनी चालत जायचं.

मला खेडचं भुसारी दुकान आठवलं.
माझी बॅग तांदळाच्या काट्यावर,
एकतीस किलो सहाशे.
अण्णा एकेक वस्तू काढत गेले.
चपला, पोहे, शेवटी लोखंडी तवा.
काटा तिसावर आला
तेव्हा दुकानदार सवयीनं म्हणाला, "आणखी काही?"
त्या रात्री कुणी जागलं नाही.
दोन वर्षांनी रजा होतीच की.
त्याला सात झाली.
तवा इथं घेतला, पातळ आहे,
भाकरी करपते.

चार वाजले. दाऊदभाईंनी पायाचा दगड सोडला.
सदऱ्याखाली जीन्स.
ऊनानं विचारलं, खरे मोती काढणारे कुठं गेले?
मी मराठीत सांगितलं.
एक विमान उतरत होतं, ते जाईपर्यंत ते थांबले.
"ते काय ठाऊक नाय.
तू मेमध्ये गावी जातेस काय?
दोन किलोची जागा ठेव गो."