मादी, एक नग

तिळाएवढा, तिळाहून फुगीर.
पाठ काळपट, कडेला चहाच्या चोथ्याचा रंग.
अशा एकवीस पाठी एका चपट्या खोक्यात
पुठ्ठ्याच्या टोकांवर डिंकानं चिकटवलेल्या.
लेबल बर्नडेट डिमेलोबाईंच्या हातचं:
कुर्ला, तबेल्यामागचं डबकं. ११ ऑगस्ट १९६८.
शाई तपकिरी झाली आहे,
किड्यांहून जास्त.

एकवीसही एकाच नावाखाली.
बाईंचा दोष नाही, वरून पाहिलं तर
सगळी एकाच आईची लेकरं.
मी भिंग वाढवते. पंखांच्या टणक झाकणावरचे
सुईनं टोचल्यासारखे ठिपके मोजते.
यात रांग आहे. त्यात रांग मोडली आहे.
तिसऱ्यात मला रांग हवी आहे
म्हणून दिसते आहे.
इथं थांबायचं. चहा प्यायचा. परत यायचं.

पुस्तकातली वाट सरळ आहे:
नर घ्या. कोमट पाण्यात मऊ होऊ द्या.
पोटाचं टोक उघडा,
आतला अर्ध्या मिलिमीटरचा अवयव
ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा.
टोक चिमट्यासारखं असेल तर एक जात,
पळीसारखं असेल तर दुसरी.
बाकी पाठ, पाय, मिशा,
मिशांहून लांब ते तोंडाजवळचे चाचपडणारे धागे,
सगळे साक्षीला येतात,
न्यायाधीश जांभई देतो.

नऊ चिमटे निघाले. पाच पळ्या.
सात माद्या उरल्या.
त्यांच्यासाठी पुस्तकात एकच ओळ:
सोबत नर नसल्यास ओळख अनिश्चित.
ही ओळ मी आधीही ऐकली होती,
रेशन कार्डाच्या खिडकीवर.

बाईंच्या वहीत त्याच तारखेला:
'एकवीस घेतले. बाविसावी मादी,
पोटाखाली अंड्यांची पांढरी पिशवी धरून पोहत होती.
सोडली. म्हशीनं पाणी ढवळलं,
मग दिसली नाही.'

म्हशी गेल्या. डबक्यावर तेवीस मजले,
तिसऱ्यावर निळ्या फरशीचा तरणतलाव.
गेटवर मला फ्लॅट नंबर विचारला.
म्हटलं, फ्लॅट नाही, डबकं बघायचंय.
वॉचमननं जरा विचार केला
आणि स्वतःची खुर्ची दिली.

साडेआठला ट्यूबलाइटखाली
त्याच्या रजिस्टरवर, 'येण्याची वेळ' या रकान्यात
टप्.
तिळाएवढा. तिळाहून फुगीर.
कुठून आला? कुंडीच्या ताटलीतून,
गटारातून, झाकण सरकलेल्या टाकीतून.
एवढ्या सिमेंटखाली पाणी
कुठं तरी श्वास धरून असणारच.

"ये काटता है क्या, मॅडम?"
नाही, म्हटलं. कुजलेलं खातो.
पोटाखाली हवा धरून बुडतो.
बाटलीत चमचाभर पाणी घालून दाखवला:
पोटावर पारा चढल्यासारखी चमक.
"हवा लेके डूबता है," तो म्हणाला,
आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच,
माझ्याशी नव्हे.

घरी भिंगाखाली: मादी. पिशवी नाही.
ठिपक्यांची रांग अर्धी आहे, अर्धी मोडलेली.
चिमटेवाल्यांची की पळीवाल्यांची,
तिला विचारायची सोय नाही.

सगळ्यात बारीक निबानं लेबल लिहिलं.
कुर्ला. इमारतीचं गेट. ट्यूबलाइट.
मादी, एक नग.
जातीच्या जागी रेघ.
संग्राहक म्हणून त्याचं नाव घातलं,
कारण रजिस्टरवरून चिमटीत उचलला त्यानं.
रामसुमेर पाल.
चौकोन लहान, रामसुमेर मावला नाही.
नुसतं 'पाल' राहिलं.

पन्नास वर्षांनी कुणी खोका उघडेल, वाचेल,
आणि म्हणेल, कुर्ल्यात तेव्हा
ट्यूबलाइटमागच्या पालीसुद्धा
किडे खात नसत,
जपून ठेवत.