टेबल सोडताना

माझं आडनाव पगारे.
गोव्याच्या बोटीवर सगळे हसले होते:
हिला पगार कशाला, आडनावातच आहे की.
मीही हसले. ट्रेनिंग चालू होतं तेव्हा, बिनपगारी.

फेलिसियानो सरांनी शिकवलं, सहा आठवडे.
आधी पत्ते टेबलभर पसरून मळायचे, कणकेसारखे,
मग पिसायचे, पुन्हा पिसायचे, थराथरानं उचलायचे,
परत एकदा पिसायचे, कापायचे,
आणि तळाचा पत्ता कुणाला दिसू द्यायचा नाही,
स्वतःलासुद्धा.
डीलरला डोळे असतात, ते म्हणायचे, मत नसतं.
टेबल सोडताना एक टाळी,
मग दोन्ही तळवे उलटसुलट, कॅमेऱ्याला.
बघा, काही नेत नाही.

हे मला नवं नव्हतं.
आमचे दादा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, एकतीस वर्षं.
दिवसभर नोटांच्या शाईचा वास
आणि सुटताना गेटवर हात वर.
डबा उघडून दाखवायचा,
अर्धी पोळी उरली असेल तर तीही.
ते म्हणायचे, झडती घेणाऱ्यानं पगार वेळेवर दिला
की झडतीचा राग येत नाही.

आता मी धरणाच्या अलीकडे, द्राक्षबागेमागच्या बंगल्यात.
पाटी नाही. शुक्रवार ते रविवार.
अर्ध्या तासाच्या एका पाळीचे एकशेवीस.
तीन वर्षं झाली, एकशेवीस.
टिप डब्यात पडते, डबा पहाटे आतल्या खोलीत जातो
आणि बाहेर येतो तो हलका होऊन.
विचारलं, तर म्हणे वरचा खर्च.

मार्चमध्ये शेवटच्या पत्त्यावर एकाचे अकरा लाख गेले.
त्यानं हातातले पत्ते माझ्यावर फेकले.
किलवरची दुर्री हनुवटीला लागली.
"सर, पत्ते टेबलावर," मी म्हटलं,
ज्या आवाजात "कार्ड घ्या" म्हणते त्याच आवाजात.
त्या आवाजाचे वेगळे पैसे नाहीत.

मग यज्ञेश आला. मोबाईलवर बघून शिकलेला.
वाटताना पत्ता उचलतो.
बदामची राणी मी पाहिली,
तिसऱ्या खुर्चीनंही पाहिली.
मालकाला सांगितलं.
"तो ऐंशीत करतो," मालक म्हणाला.
बस, एवढंच.

पहाटे चार. स्वयंपाकघरामागे, सिलिंडरच्या कट्ट्यावर
मी त्याचं मनगट धरलं.
उचलू नको, सरकव.
पत्त्यानं जमीन सोडायची नाही.
"ताई, मला कशाला शिकवताय?"
खरं सांगू, मला माहीत नव्हतं.
त्याच्या ऐंशीचा राग होताच.
पण तो उचललेला पत्ता बघवत नव्हता.

साडेपाचला गिरणाऱ्याहून येणारी पिकअप मिळाली.
मागे बायका, आडगावच्या बागेवर निघालेल्या,
मांडीवर कात्र्या, डोक्याला टॉवेल.
जनीबाई गावित सरकून बसल्या.
रातभर काय करते गं?
पत्ते वाटते.
काय भाव?

त्यांचा भाव बांधावर ठरतो, मोठ्यानं.
मुकादम दहा रुपये खाली आला
की कात्र्या पिशवीतच राहतात
आणि सगळ्या बांधावर बसतात, पाय पसरून.
त्यात गुपित काही नाही.

मी आकडा सांगितला.
तीन वर्षांत पहिल्यांदा, बाहेरच्या माणसापुढे.
इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगावा लागला.
यज्ञेशनं ऐकला.
मग त्यानं त्याचा सांगितला, हळू.
जनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"एकाच टेबलावर बसता ना?
आन एकमेकाला इचारलं नाय?"

सोमेश्वरच्या वळणावर सगळ्या बायका
एका अंगाला कलंडल्या, आम्हीही.
कुणाची तरी कात्री खाली पडली,
शोधाशोध झाली.
त्या गडबडीत यज्ञेशनं विचारलं,
"शुक्रवारी किती म्हणायचं?"

माझे हात मांडीवर होते. पालथे.
मी आकडा जुळवत होते.