नोव्हेंबरची पावती

हिरुमाची बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत.
तेहतीस वर्षं चमचे घासून
त्यांच्यावरच्या रेषा गेल्यात.
हजेरीच्या काचेवर तो अंगठा टेकवतो
आणि लाल दिवा विचारतो, कोण तुम्ही?

म्हणून त्याचे तास मी हाताने लिहिते.
आला सात बावन्न. गेला सहा दहा.
त्सुबामे गावात, चमच्यांच्या कारखान्यात,
हिशेबाच्या खिडकीशी बसून
एका माणसाचं आयुष्य मला मिनिटांत पाठ आहे.

जुनी वही एकदा कपाटातून काढली.
उंदरांनी तिच्या कडा कुरतडल्या होत्या,
नोकरदार माणसासारख्या, रोज थोड्या.
एकोणीसशे एकोणनव्वद, एप्रिल:
हिरुमा, वय अठरा, पॉलिश विभाग,
एक लाख अठ्ठावीस हजार येन.
त्यातून त्याने आईला भाताचा कुकर घेतला.
हे वहीत नाही. त्यानेच सांगितलं,
बर्फ उपसता उपसता, फावड्यावर हनुवटी टेकून.

म्हटलं बघू तरी, दुप्पट कधी होते.
पहिली काही वर्षं चार-चार हजार,
मग दोन, मग आठशे,
मधली काही वर्षं काहीच नाही,
आकडा जणू थंडी वाजून पांघरुणात शिरलेला.
एका वर्षी तर उणे. मालक स्वतः खाली आले,
कमरेत वाकले, सगळे वाकले,
आणि वाकून झाल्यावर यंत्रं सुरू झाली.

बँकेतला पोरगा म्हणतो, सोपं आहे,
बहात्तरला टक्क्यांनी भागायचं.
मी भागत बसले.
भागता भागता मीच भागले.
उत्तर आलं तेव्हा हिरुमा एक्याऐंशी वर्षांचा होता
आणि अजून सात बावन्नला आत येत होता.

शेजारच्या यंत्रावर न्हुंग आहे, हायफाँगची.
तिचा पगार विमानातल्या पाच तासांत
पाचपट झाला.
दलालाचं कर्ज तिच्याही आधी इथे पोहोचलं होतं.
कर्जाच्या वाढीला जुना शब्द आहे, दामदुप्पट.
पगारासाठी तसा शब्द
कुणी घडवायच्या फंदात पडलं नाही.

माझं विचारू नका. मी तासावर.

मग तो नोव्हेंबर.
हॉटेलं पुन्हा उघडत होती.
कुठूनशी ऐंशी हजार आइसक्रीमच्या चमच्यांची मागणी आली,
रात्री साडेनऊपर्यंत घरघर,
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थरथरायचं.
महिनाअखेर त्याचे तास जुळवले, खाली रेघ मारली.

दोन लाख छप्पन्न हजार.

येनला येन.
पुन्हा केलं. तेच.
पावतीवर काही लिहिणं नियमात बसत नाही.
मी कोपऱ्यात पेन्सिलीने एक ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीशी.
टोपी काखेत, पाकीट दोन्ही हातांनी पुढे.
चूक झालीय, म्हणाला. जास्त आलेत.
दुसऱ्या कुणाचे तरी माझ्यात मिसळलेत.

मी वही त्याच्याकडे फिरवली.
त्याने ओळीओळीवरून बोट नेलं,
तेच, रेषा नसलेलं,
नऊ तारीख, दहा, अकरा,
आणि एकविसाव्या तारखेशी थांबला.
हा दिवस मला आठवत नाही, म्हणाला.
होता, मी म्हटलं. माझ्या अक्षरात आहे.

डिसेंबरात पुन्हा एक लाख ब्याण्णव हजार.
ते घ्यायला आला तेव्हा कुणास ठाऊक का,
मी कुकरचं विचारलं.

आई गेली, तो म्हणाला, कुकर चालतो.
झाकण तेवढं बसत नाही,
कडीत एक चमचा अडकवावा लागतो.
आपलाच.
तपासणीत नापास झालेला.