मागची काच

कुणी दगड मारला नव्हता.
मे महिना, दुपारचे अडीच,
अशोक चौकाच्या पुढं कडुनिंबाखाली व्हॅन लावून
मी टॉवेलचे गठ्ठे उतरवत होतो.
पोत्यातून साबुदाणा सांडावा तेवढाच आवाज.
वळून बघतो तर मागची डावी काच नाही,
आणि पलीकडचा चहावाला
इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ दिसतोय.

चार लोक जमले. पोरं असतील, म्हणाले.
एकानं झाडाकडं संशयानं बघितलं.
मला ठाऊक होतं.
त्या काचेवर आतून एक 'सु' होता.
सुगुणा सात वर्षांची असताना
जुन्या प्लगच्या चिनीमातीच्या तुकड्यानं
नाव कोरायला बसली होती.
नायनाची चापट पडली, तिथंच हात थांबला.
सतरा वर्षं तेवढंच अक्षर घेऊन
काच अक्कलकोट, तुळजापूर, कुठं कुठं फिरली.
यंदाचं चव्वेचाळीस तिला सोसलं नाही.

तीन आठवडे त्या जागी चादर ताणली,
डागी मालातली, मोराचं डोकं आत, पिसारा बाहेर.
होटगी रोडला वेग घेतला की
मोर फडफडून शिव्या द्यायचा.
सात रस्त्यावर हवालदारानं शिट्टी मारली,
'घर घेऊन फिरतो काय बे?'

शोरूमवाल्यानं मॉडेलचं नाव ऐकूनच मान हलवली.
विजापूर रोडला मौलाली मिस्त्री म्हणाला, आहे की,
आणि पत्र्याच्या शेडमागून
एका मोडीत निघालेल्या शाळेच्या गाडीची काच आणली.
धूळ पुसली तर पिवळी अक्षरं:
'हात बाहेर काढू'.
'पुढचं?' मी विचारलं.
'नका दुसऱ्या काचेवर होतं.
ते परवाच कुर्डुवाडीला गेलं.'

नऊशे सांगितले, साडेआठशे आणि एक टॉवेल ठरला.

रबर उन्हात तापवून मऊ केलं,
काचेभोवती चढवलं, खाचेत सुतळी भरली,
वर साबणाचं पाणी.
मौलालीनं बाहेरून काच दाबून धरली.
आत बसून सुतळी मी ओढायला लागलो
आणि दुसऱ्या विताला रबर पिळवटलं.
नायना ओट्यावर बसून बघत होता.
उठला, मला बाजूला केलं,
'मेल्लगा' म्हणाला, स्वतःलाच बहुतेक,
आणि सुतळीचं टोक दोन बोटांत धरलं.
चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस,
कान मागानंच खाल्ले त्याचे.
ओढत गेला, न थांबता, न हिसकता;
रबराची कड पत्र्यावर
ओठ मिटावेत तशी बसत गेली.
मौलाली बाहेरून ओरडला, 'काका, कामाला येता का?'
ते अर्थातच ऐकू गेलं नाही.

इंजिन चालू केल्यावर नायनानं तळवा काचेला लावला.
जरा वेळ तसाच ठेवला.
खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.
मौलालीनं तिथं ठोकलं, परत तळवा.
मग मान डोलावली.

सुगुणाला भिवंडीला फोटो पाठवला.
'माझा सु?' एवढंच आलं.
सीटच्या फटीतून मी काचेचे दाणे
अजून वेचतोय, एका डबीत टाकतोय.
उकार कुठल्या दाण्यात गेला, सांगता येत नाही.
तिला लिहिलं, शोधतोय.

परत येताना नायना मागं बसला, नव्या काचेशी.
आरशात दिसत होता:
उलटी पिवळी अक्षरं बोटानं लावतोय,
रात्रशाळेतली मराठी, एकेक करून.
सैफुलच्या सिग्नलला त्यानं विचारलं,
'हात बाहेर काढू?'
'ती काच उघडत नाही,' मी ओरडलो.
'काढू का?' त्यानं परत विचारलं.