उजवा सहा, डावा दहा

मानखुर्दच्या नाक्यावर माझी पेटी,
वर निळी ताडपत्री.
यल्लूबाई येते ती भर दुपारी,
दुसरं गिऱ्हाईक नसताना.
साडी रस्ता झाडत येते,
मुद्दामच तेवढी खाली सोडलेली.

दोऱ्यानं मोजतो तिचा उजवा पाय.
टेप नको म्हणते, त्यात आकडा दिसतो.
पेटीच्या झाकणाला, खिळ्यावर
नऊ वर्षांचे नऊ दोरे.

आधी दुकानातून घ्यायची, एकदम दोन जोड:
डावा सहाचा घालायची,
उजवा दहाचा, पुरुषी.
उरलेले दोन खाटेखाली, कोरे, पेपरात गुंडाळून.
एकेक पाय विकत नाही, दुकानदार म्हणाला,
तुटका जोड मागाहून घेणार कोण?
दहाही पुरेना, तेव्हा माझ्याकडे आली.

ससून डॉकला कोळंबी सोलायची ती.
बर्फाच्या पाण्यात पाय जड झाला की
मुकादम म्हणायचा, मावशी, बसून घे.
मग एक दिवस म्हणाला, मावशी, घरीच बस.
आता लसूण सोलते, गोणीमागे पैसे.
माझ्या हातात देते त्या नोटेलाही वास.

परवा रात्री साडेदहाला वॉर्डाची माणसं आली,
बॅटरी घेऊन.
दिवसा हे किडे रक्तात सापडत नाहीत म्हणे,
गल्ली निजली की निघतात.
‘रात्रपाळीवाले,’ यल्लूबाई हसली.
बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला.
पायावर बॅटरी एकदाच गेली,
लगेच वळली.

चिठ्ठी आणली माझ्याकडे वाचायला.
निगेटिव्ह.
‘म्हंजे?’
म्हणजे रक्तात आता काही नाही.
केव्हाच मेले असतील, नासधूस करून.
ती पायाकडे बघत राहिली,
भाडेकरू पळाल्यावर
मालकीण खोलीकडे बघते तशी.
मग चिठ्ठी चंचीत घातली.
‘बक्कल जरा पुढं लाव औंदा.
वाढायला जागा ठेव.’

काल चिता कॅम्पची एक बाई आली. मैमून.
बुरख्याखालून पाय पुढे केला,
डावा.
तिनं काही सांगायच्या आत
मीच विचारलं,
उजव्याला सहा लागतो का?