वहीतलं सातवं पान

प्रतिष्ठान म्हणजे खरं तर एक लोखंडी पेटी
बालवाडीच्या खोलीत, आणि तिच्यावर तराजू.
धान मळून झालं की घरटी दोन पायल्या,
नागपूरला गेलेली पोरं पाठवतात पाचशे, कधी हजार,
आणि दोनदा विचारतात, पोचले का.
चौदा वर्षं ही वही मी लिहितो.
विहिरीचा कठडा. शाळेचा नळ.
डोमाजीच्या म्हशीचं औषध (अर्धे परत आले).

मग रोवण्याच्या दिवसांत, श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी,
पलीकडच्या बांध्यांत निघालेला डोंगा
वैनगंगेच्या मधोमध आडवा झाला.
धरणाचा भोंगा वाजला म्हणतात.
आमच्याकडे त्या वेळी नुसता वारा होता.

सरकारी मदतीचं सरकार जाणे,
आम्ही दहाव्या दिवशी वही उघडली.
रेवंताबाई नान्हे: मागे दोन नातवंडं,
शेळी विकू नये म्हणून चाऱ्याचा खर्च.
शशिकलाच्या नवऱ्याला भाजीही येत नव्हती,
महिनाभर शेजारून डबा; मग शेवंता म्हणाली,
डबा पुरे, कुकर द्या, अन् शिकवाले मी जाते.
आता त्याचं वरण कुणाच्याही घरी चालेल.
चंचलच्या बापानं काहीच घेतलं नाही.
दहावीत होती, रविवार म्हणून गेली होती मजुरीला.
त्यानं तिची सायकल आणून पेटीशेजारी लावली,
म्हणाला, द्या कोनालेबी.
कुणी मागितली नाही अजून.
आम्ही साखळीला तेल घालतो.

सहा पानं झाली.
सातव्याशी सभा अडली.
झिबल वलथरे, डोंगा त्याचाच, तोही गेला,
चौथ्या दिवशी सापडला, खूप खाली.
दहाच्या जागी पंधरा बसवले त्यानं, कुणी म्हणालं.
माणशी दहा रुपये घेतले, दुसरं कुणी.
त्याची बायको पुस्तकला पायरीवर बसली होती,
आत बोलावलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं.
पंखा फिरत होता, वीज गेली, तोही थांबला.
तेव्हा चंचलची आजी, जी कधी सभेत बोलली नाही,
दारातूनच म्हणाली,
"मीच म्हनलं त्याले, पोरीले बी बसव, रोवना आटपते.
तो नाई म्हनत होता गा.
लिव त्याचं बी."

मी पान उलटलं.
उलटायचं पुढे, हात गेला मागे,
आणि दोन वर्षांपूर्वीची ओळ समोर आली:
झिबल वलथरे, डोंग्यासाठी जॅकेट, नग दहा.
पुढच्या हंगामात पाहू.
अक्षर माझं. खाली सही माझी.
त्याच महिन्यात आम्ही सभेला पंखा घेतला होता.

मी वही सरळ केली आणि सातवं पान लिहिलं.
कुणी काही विचारलं नाही,
अंधारात कुणाला दिसणारही नव्हतं.

आता घाटावर बांबूच्या दांडीवर
नारिंगी जॅकेटं वाळत असतात.
बायका कुरकुरतात, खाजते बाई, वास मारते.
नवा डोंगा प्रतिष्ठानचा, वल्हं झिबलच्या भाच्याचं,
मोजणी पुस्तकलाकडे, महिन्याला पगार.
ती एकेकीच्या छातीवरचा पट्टा ओढून पाहते.
दहा झाले की हात आडवा करते.
सरपंचाचा मेहुणासुद्धा परवा काठावर उभा राहिला.

मार्गशीर्षात तीही दोन पायल्या घेऊन आली.
तराजूत थोडे जास्त भरले.
काढू का, विचारलं, तर म्हणाली, राहू द्या.
मला तिच्याकडे नीट पाहता आलं नाही,
मी दाणे पाहिले, स्वच्छ होते, खडा नव्हता.

पुढच्या सभेत नवे अर्ज घेण्याआधी
जुनी पानं मोठ्यानं वाचायची, असं ठरवलं आहे.
अजून कुणाला सांगितलं नाही.
सभा गुरुवारी आहे.